माणसाच्या आधीची परीक्षा

औषधाच्या दुकानात आपण गोळ्या मागतो. दुकानदार कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापून देतो आणि आपण त्या घरी नेऊन पाण्याबरोबर गिळतो. वांगे घेताना ते दाबून पाहणारी, कलिंगडावर टिचकी मारून आवाज ऐकणारी माणसे आपण. पण गोळीपुढे आपली सारी चिकित्सा थांबते. कारण उघड आहे. गोळीकडे पाहून काही कळत नाही. तेव्हा ती पारख आपल्या वतीने दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेली असली पाहिजे. ती कोण करतो, कशी करतो आणि कोणी केलीच नाही तर काय होते, हा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राचा पदवीधरही नव्हे. बिडी कामगार, साखर कामगार आणि अलीकडे औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगार यांच्यात नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) माझे आयुष्य गेले. जे वाचले ते गरज पडली म्हणून वाचले. या विषयाकडेही मी कामगारांच्याच वाटेने आलो. ती हकिगत पुढे येईल.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. औषधाची तपासणी म्हटली की आपल्या मनात एकच चित्र येते, पण तपासण्या दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध थोडा आहे. संगमनेर-अकोल्याकडच्या श्रोत्यांना हे चटकन समजेल. बाई घरून बिड्या वळून कारखान्यात आणते, तेव्हा तपासणारा तिच्या बिड्या पाहतो आणि त्यांतली छाट बाजूला काढतो. बिडी बारीक आहे का, तोंड नीट वळले आहे का, एवढे तो पाहतो. पण पान आणि तंबाखू यांचा हा जिन्नस माणसाच्या छातीचे काय करतो, ते त्याला विचारून उपयोग नाही. तो त्याचा प्रश्नच नव्हे. औषधाचेही तसेच आहे. कारखान्यातून निघणारी प्रत्येक बॅच ठरलेल्या नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे पाहणे ही छाट काढण्याची तपासणी. आणि हे द्रव्य मुळात माणसाच्या शरीरात घालण्याजोगे आहे काय, ते किती घातले तर चालेल, कोणत्या अवयवाला ते प्रथम बाधेल, हे पाहणे ही दुसरी तपासणी. ही दुसरी, औषध पहिल्या माणसाला देण्यापूर्वी करायची असते. इंग्रजीत तिला नॉनक्लिनिकल म्हणतात. मी तिला माणसाच्या आधीची परीक्षा म्हणतो.

ही परीक्षा कायद्यात कशी आली याचा इतिहास दुःखाचा आहे. १९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात मॅसेनगिल नावाच्या कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या वेळचे गुणकारी औषध पातळ स्वरूपात काढायचे ठरवले. ते पाण्यात विरघळेना. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायइथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळवले आणि रासबेरीचा स्वाद घातला. मग त्याची तपासणीही केली. कोणती? रंग कसा दिसतो, वास कसा येतो, चव कशी लागते! एकाही उंदराला ते पाजून पाहिले नाही. डायइथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. यातली विलक्षण गोष्ट अशी की, विष विकले म्हणून कंपनीवर खटला भरण्याची तरतूदच त्या वेळच्या कायद्यात नव्हती. खटला भरला तो बाटलीवरच्या ‘एलिक्सिर’ या शब्दाबद्दल. एलिक्सिर म्हणजे मद्यार्कात विरघळवलेले औषध, आणि यात मद्यार्क नव्हता, म्हणून नाव खोटे! माणसे मेली ती मेली, दंड झाला तो नावाच्या चुकीचा. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा केला की, नवे औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचा पुरावा उत्पादकाने सरकारपुढे ठेवला पाहिजे. आपल्याकडे कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या बाजाराची चौकशी केली आणि १९४० साली औषधांचा कायदा झाला.

तेच डायइथिलीन ग्लायकॉल पुढे आपल्या दारी आले. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल देतात. रुग्णालयात आलेले ग्लिसरॉल औषधी दर्जाचे नव्हते, कारखान्यात वापरायचे होते, आणि त्यात हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची सारी घाण चव्हाट्यावर मांडली. आणि आता २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध प्यालेली वीसहून अधिक मुले गेली. त्यांतली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल शेकडा ४८.६ असल्याचे सांगितले. जवळजवळ अर्धी बाटली विष.

१९३७ ची चूक आणि ही चूक एक नव्हे, हे ध्यानात ठेवावे. १९३७ मध्ये पहिली परीक्षाच झाली नव्हती. १९८६ आणि २०२५ मध्ये ते विष आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होते. चुकले ते छाट काढण्याचे काम. साखर कारखान्यात प्रत्येक पाळीला रसाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, उताऱ्याच्या दशांशावरून संचालकांची झोप उडते. साखरेबाबत जी काळजी, ती लेकरांच्या औषधाबाबत का नसावी? असो. आजचा विषय पहिल्या परीक्षेचा आहे, तिकडे वळू.

आपल्या महाराष्ट्रात या परीक्षेचा एक जुना दाखला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहान जागेत लस तयार केली. आधी ती सशांना टोचली. मग १० जानेवारी १८९७ रोजी नेहमीच्या मात्रेहून मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी. ससा, स्वतः आणि कैदी हा क्रम पाहा. पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल आदर वाटतो. तिसऱ्या पायरीबद्दल मला आजही अडखळायला होते, कारण तुरुंगातल्या माणसाच्या ‘हो’ला किती अर्थ असतो, हे संपाच्या काळात आत जाऊन आलेल्यांना विचारावे.

याच लसीची पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जण एकाच बाटलीतले, क्रमांक ५३ एन. बाटलीला क्रमांक होता म्हणून एवढे तरी कळले. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर टाकला. हाफकिन यांचे काम काढून घेतले गेले. पण बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला, ही माहिती त्याच चौकशीच्या कागदांत होती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी ती पुढे आणली आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एका पडलेल्या चिमट्याची नोंद योग्य जागी, योग्य वेळी वाचली गेली असती, तर एका माणसाची पाच वर्षे वाचली असती.

आता प्रत्यक्ष परीक्षा कशी होते ते पाहू.

नव्या द्रव्याची परीक्षा साधारणतः दोन जातींच्या प्राण्यांवर होते: एक कुरतडणारा प्राणी, बहुधा रॅट म्हणतात तो मोठा पांढरा उंदीर; आणि दुसरा तसा नसलेला, बहुधा बीगल जातीचा कुत्रा. उंदरांचे चार गट करतात. नव्वद दिवसांच्या अभ्यासात प्रत्येक गटात निदान दहा नर, दहा माद्या. म्हणजे ऐंशी उंदीर. एका गटाला औषध मुळीच नाही, नुसते ज्यात औषध कालवतात ते द्रव. दुसऱ्याला थोडी मात्रा, तिसऱ्याला मध्यम, चौथ्याला भरपूर. येथे सामान्य माणसाचा एक गैरसमज होतो. त्याला वाटते, औषध निर्धोक आहे हे सिद्ध करायचे आहे, तर थोडेच देत असतील. उलट आहे. चौथ्या गटाला मुद्दाम इतके देतात की काहीतरी बिघडलेच पाहिजे. बिघडले नाही तर परीक्षा अपुरी. कोणता अवयव आधी बोलतो, यकृत की मूत्रपिंड की रक्त, आणि औषध थांबवल्यावर तो पूर्ववत होतो की नाही, हे कळण्यासाठीच हा खटाटोप. रोज प्रत्येक उंदीर पाहायचा, त्याचे वजन आणि त्याने किती खाल्ले हे ठरल्या दिवशी लिहायचे, रक्त तपासायचे. शेवटी त्याला वेदना न होता मारून प्रत्येक अवयवाचे वजन करायचे आणि त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे.

औषध जितके दिवस माणसाला द्यायचे, त्या मानाने ही परीक्षा लांबते. जन्मभर घ्यायच्या गोळीसाठी उंदरांवर सहा महिने, दुसऱ्या प्राण्यावर सहसा नऊ महिने. कर्करोगाच्या शक्यतेसाठी तर उंदराचे जवळजवळ सारे आयुष्य, म्हणजे दोन वर्षे. शिवाय गर्भावर काय परिणाम होतो, हृदयाचा ठोका आणि श्वास बिघडतो काय, आनुवंशिक द्रव्याला इजा होते काय, हे वेगळे. या शेवटच्या गोष्टीसाठी ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने जंतूंवरची एक सोपी कसोटी काढली. एक विशिष्ट अन्नघटक मिळाल्याशिवाय जगू न शकणारे जंतू घ्यायचे आणि त्यांना तो न देता त्यांच्यावर औषध घालायचे. जंतू तरीही वाढू लागले, तर त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात बदल झाला, म्हणजे औषध संशयित. दोन-तीन दिवसांत निकाल, आणि तोही जिवंत उंदरावर प्रयोग न करता.

मग माणसाला पहिली मात्रा किती? हिशेब करून पाहू; गणित चौथीचे आहे. समजा, उंदराला किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत काहीही बाधा झाली नाही. साठ किलोच्या माणसाला सरळ त्रैराशिकाने ३००० मिलिग्रॅम द्यावे असे कोणी म्हणेल. पण लहान प्राण्याचे शरीर औषध झपाट्याने जाळते; चुलीवर काटक्या लवकर जळतात, ओंडका सावकाश. म्हणून उंदराची मात्रा ६.२ ने भागतात. किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम उरले. आता माणूस उंदरापेक्षा नाजूक असेल तर काय, म्हणून आणखी दहाने भागा. ०.८ उरले. साठ किलोच्या माणसाला ४८ मिलिग्रॅम. तीन हजार कोठे आणि अठ्ठेचाळीस कोठे! पहिल्या माणसाचा जीव या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सुरक्षित ठेवलेला असतो. त्या ५० च्या आकड्यात कोणी हात घातला, तर पुढचे सारे भागाकार बिनचूक करूनही उपयोग नाही.

प्राण्याची परीक्षा खरी असली तरी पुरी असतेच असे नाही. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. उंदरांना कितीही दिले तरी ते मरत नसत, म्हणून ते अत्यंत निर्धोक अशी जाहिरात झाली. गरोदर स्त्रियांनी ते घेतले आणि दहा हजारांवर मुले हातापायांविना किंवा खुरट्या अवयवांची जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले. पुढे प्रयोगात दिसले की, उंदरांच्या गर्भावर हे औषध माणसासारखा परिणाम करीत नाही, पण सशांच्या गर्भावर करते. तेव्हापासून गर्भाची परीक्षा उंदीर आणि ससा दोघांवर करण्याची रीत पडली. अमेरिकेत हे औषध विकू दिले नाही ते फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी. कंपनीचा तगादा चालू असताना त्या ‘पुरावा अपुरा आहे’ एवढेच उत्तर पुन्हा पुन्हा देत राहिल्या. याच बाई १९३७ साली विद्यार्थिनी असताना त्या सल्फानिलामाइडच्या विषाचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत होत्या. ज्याने एकदा मेलेले उंदीर मोजले, तो पुढे सही करायला घाई करीत नाही.

दुसरे उदाहरण २००६ सालचे, लंडनचे. टीजीएन १४१२ नावाचे प्रतिपिंड औषध सहा निरोगी तरुणांना दिले. माकडांना जेवढे चालले त्याच्या पाचशेव्या हिश्शाएवढीच मात्रा होती. दीड तासात सहाही जण तळमळू लागले, सर्वांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. जगले, पण एकाची बोटे झडली. माकडाच्या काही पांढऱ्या पेशींवर जी खूण नसते, ती माणसाच्या पेशींवर असते, आणि औषध नेमके तेथेच जाऊन बसत होते. सहाही जणांना काही मिनिटांच्या अंतराने टोचून मोकळे झाले होते, ही आणखी एक घाई. आता अशा औषधाची पहिली मात्रा एकालाच देऊन थांबतात, पाहतात, मग दुसऱ्याला देतात.

आमच्या नगरात १९१७ पासून गंगाधरशास्त्री गुणे यांचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, तेव्हा ‘आपल्या औषधांचे काय?’ हा प्रश्न सभेत हमखास येणार. नियम असा की, मान्य ग्रंथात सांगितलेल्या औषधाला सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास मागितला जात नाही. शतकांचा वापर हाच पुरावा मानतात. विषवर्गातली द्रव्ये घालून कोणी स्वतःच्या नावाचे नवे मिश्रण काढले, तर मात्र अभ्यास लागतो. माझे मत विचाराल तर, जुन्या वैद्याने रोग्याची नाडी पाहून दिलेली चिमूटभर मात्रा आणि यंत्रातून लाखांनी निघणारी गोळी या दोन वस्तू नाव सारखे असले तरी सारख्या नव्हेत, आणि परीक्षा दुसरीची व्हावी. ग्रंथाचा त्यात अपमान नाही.

औषधाइतकेच आता उपकरणांचे महत्त्व आहे. सलाईनची नळी, डोळ्यातले भिंग, हाडाची पट्टी, हृदयातली स्प्रिंग, सांध्याची वाटी. २०१७ च्या नियमांनी त्यांचे धोक्याप्रमाणे चार वर्ग केले. जीभ दाबायची पट्टी खालच्या वर्गात, हृदयाची झडप सर्वांत वरच्या. उपकरण विरघळत नाही, मग त्याची परीक्षा कशी? त्यातून काय पाझरते, ते पाहून. तुकडे करून ते मिठाच्या पाण्यात आणि तेलात, शरीराच्या उष्णतेला, बहात्तर तास भिजवतात. आपण लोणच्याच्या बरणीत फोडी मुरवतो तसेच. मग तो अर्क काचेत वाढवलेल्या पेशींवर घालतात, सशाच्या कातडीत टोचतात, गिनीपिगच्या कातडीला लावून पुरळ उठते का पाहतात. शिवाय यंत्रावर झीज तपासतात.

या झिजेनेच एक मोठा अनर्थ केला. डीप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ नावाचा खुब्याचा सांधा २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे ४७०० शस्त्रक्रियांत बसवलेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबाबत फिर्याद दिली. यंत्रावरच्या झिजेवरून जो अंदाज बांधला होता, त्याहून फार जास्त झीज माणसांत दिसली, विशेषतः वाटी जरा तिरकी बसली होती तेथे. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरले. यंत्र चालते सरळ; माणूस जिना चढतो, मांडी घालतो, घसरतो.

आता मी ज्या वाटेने आलो ती सांगतो. काही वर्षांपूर्वी अकोले आणि पारनेर तालुक्यांतली चार-पाच मुले माझ्याकडे आली. घाटाखाली एका तपासणी प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात ती कंत्राटावर कामाला होती. आंघोळ करून, कपडे बदलून आत जायचे, पिंजरे बदलायचे, कोंडा काढायचा, पाणी-खाद्य द्यायचे, खोलीची उष्णता बावीस अंशांच्या आसपास आहे ना ते पाहायचे आणि प्रत्येक उंदीर जिवंत, हालता आहे ना, हे वहीत लिहायचे. उंदरांच्या मुताने एकाला दमा जडला होता. त्या धंद्यातला हा ठाऊक असलेला रोग आहे. पण तक्रार घेऊन ती आली होती ओव्हरटाइमची. रविवारी तीन खोल्यांना एकच माणूस असे, आणि वहीत तिन्ही खोल्यांची फेरी सकाळी सातची लिहावी लागे. मी विचारले, एक माणूस एकाच वेळी तीन खोल्यांत कसा? ती हसली. म्हणाली, तात्या, कागदावर असतो.

त्या रात्री मी या विषयाची पहिली पुस्तिका हाती घेतली. आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या प्रयोगशाळेपाशी येऊन पोचलो. १९७० च्या दशकात ती त्या देशातील मोठ्यांतली मोठी तपासणी प्रयोगशाळा होती. औषधे, कीटकनाशके, साबणातली द्रव्ये, सारे तिच्याकडे येई. एका प्राणिगृहाला तिथले नोकर ‘दलदल’ म्हणत. पाणी देणारी यंत्रणा बिघडून खोली सतत ओली, उंदीर भिजून थंडीने मरत, काही पळून जात, मेलेले इतके कुजत की तपासणी अशक्य होई. मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर ठेवून अभ्यास जुन्याच क्रमांकांनी पुढे चालवला, न केलेल्या तपासण्यांचे आकडे लिहिले. १९७६ साली एड्रियन ग्रॉस या सरकारी तज्ज्ञाला ते आकडे फारच नीटनेटके वाटले आणि बिंग फुटले. १९८३ साली तेथील तिघांना न्यायालयाने दोषी ठरवले. तोवर शेकडो वस्तू त्या आकड्यांच्या भरवशावर घराघरांत गेल्या होत्या.

यातूनच ‘उत्तम प्रयोगशाळा व्यवहार’ म्हणून ओळखले जाणारे नियम निघाले. इंग्रजीत त्यांना जीएलपी म्हणतात. अमेरिकेत ते १९७९ पासून लागू झाले, १९८१ साली अनेक देशांनी मिळून त्यांची तत्त्वे मान्य केली. भारतात २००२ पासून त्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण आहे, आणि २०११ पासून आपल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे निष्कर्ष त्या देशांत ग्राह्य धरतात. हे नियम मी कामगाराच्या नजरेने वाचले आणि चकित झालो. औषध चांगले की वाईट, याबद्दल त्यांत अक्षर नाही. ज्याने काम केले त्यानेच, त्याच वेळी, न पुसणाऱ्या शाईने लिहावे. चूक झाली तर एकच रेघ मारावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. एका अभ्यासाला एकच जबाबदार संचालक, ज्याला ‘मला कोणी सांगितले नाही’ म्हणता येणार नाही. आणि तपासणारी शाखा काम करणाऱ्या शाखेच्या हाताखाली नसावी. आमच्याकडे मुकादम मस्टरवर खाडाखोड करून हजेरीची गैरहजेरी करीत, तेव्हा आम्ही नेमके हेच मागत होतो! मजुरीच्या हिशेबाला जो नियम, तोच उंदराच्या वजनाला.

नियमांत हेही आहे की, कामाला पुरेशी आणि शिकलेली माणसे नेमणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. या एका कलमावर मी त्या मुलांची बाजू मांडली. ओव्हरटाइमचा कायदा सांगत बसलो असतो तर तारखा पडत राहिल्या असत्या. मी एवढेच विचारले की, परदेशी तपासनीस आला आणि त्याने रविवारची पाळीची हजेरी आणि खोल्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर काय सांगाल? तीन आठवड्यांत रविवारी दुसरा माणूस आला आणि वहीत खऱ्या वेळा लिहायची मुभा मिळाली: सात, सात चाळीस, आठ वीस. कंत्राट अजून कायम झाले नाही. तो लढा वेगळा. पण ज्या मुलाच्या हाती उद्या काम राहील की नाही याचा भरवसा नाही, तो ‘आज खोलीत उष्णता तीस अंश गेली होती’ असे वहीत लिहील, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा आपली नोकरी कंत्राटी करून पाहावी.

प्राण्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० साली झाला, त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा ध्यास होता. त्याखाली १९६४ साली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमली गेली. आज प्रत्येक प्रयोगशाळेत नैतिकता समिती असते आणि तिच्यावर विज्ञानाबाहेरचा, समाजात वावरणारा एक सभासद घ्यावा लागतो. तो नुसता चहापुरता बसतो की प्रश्न विचारतो, यावर बरेच अवलंबून आहे. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन लशीची परीक्षा वीस माकडांवर झाली. पाच-पाचांचे चार गट, एकाला लस नाही. त्याआधी उंदीर आणि सशांवर तिच्या निर्धोकपणाचा अभ्यास झाला होता. त्या प्राण्यांची नावे कोठे नाहीत, क्रमांक आहेत. त्या क्रमांकांपुढचे आकडे खरे असणे हे त्यांच्याबाबतचे आपले किमान देणे आहे. खोटा लिहिलेला अभ्यास म्हणजे ते प्राणी फुकट मारले.

अलीकडे वारा बदलतो आहे. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्यातली प्राण्यांची सक्ती काढली. भारताने २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती करून माणसाच्या पेशींवरच्या, काचपट्टीवर वाढवलेल्या लहान अवयवांवरच्या आणि संगणकावरच्या कसोट्यांनाही जागा दिली. टीजीएन १४१२ सारख्या प्रसंगात माणसाच्याच पेशींनी कदाचित आधी इशारा दिला असता, म्हणून ही दिशा मला बरी वाटते. सारे प्राणी उद्या सुटतील असे मात्र कोणी समजू नये. एका अवयवाच्या पेशी दुसऱ्या अवयवाची तक्रार सांगत नाहीत. त्या मुलांपैकी एकाला आता अशा पेशींच्या खोलीत काम मिळाले आहे. पिंजरे नाहीत, दम्याचा त्रास कमी आहे. पेशींचे खाद्य मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, मग तो रविवार असो की दिवाळी, आणि बदलले की वहीत वेळ लिहून सही करावी लागते.